आईबापांमागचा रस्ता

जपानी लाइट नॉव्हेलमध्ये आईबाप फार लवकर मरतात. खिशात मावेल असं ए-सहा आकाराचं पुस्तक, मुखपृष्ठावर मांगाच्या धाटणीचं चित्र, सुरुवातीला दोन-चार रंगीत पानं आणि आत संवादांनी भरलेला, भराभर वाचून होणारा मजकूर. वाचक बहुतेक शाळा-कॉलेजातले. त्यांच्या वयाचा नायक मोकळा सुटायचा तर घरात ‘कुठे निघालास?’ विचारणारं कुणी नको. लेखक मग पहिल्याच प्रकरणात आईबापांना निरोप देऊन टाकतात. अशा मरणाला शोक म्हणता येत नाही, ती कथानकाची सोय झाली.

या ढिगात काही मोजकी पुस्तकं मात्र वेगळी निघतात. ती ओळखायची माझी कसोटी साधी आहे: गेलेलं माणूस पुढचा रस्ता ठरवतं का?

केइइची सिग्सावा यांची ‘किनो नो ताबी’ ही मालिका 2000 साली सुरू झाली. त्यातल्या ‘मोठ्यांच्या देशात’ बाराव्या वर्षी मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना ‘मोठं’ करतात. अकरा वर्षांची एक मुलगी नको म्हणते आणि जन्मदाता बापच सुरा घेऊन धावतो. मध्ये पडलेला एक वाटसरू मरतो. मुलगी त्याचं ‘किनो’ हे नाव स्वतःला घेते, त्यानं दुरुस्त केलेल्या बोलत्या मोटरसायकलवर बसते आणि निघते. पुढे प्रत्येक देशात मुक्काम तीनच दिवस. किनो रडत नाही, मागचं फारसं काढतही नाही. पण आयुष्यभर ती एका मेलेल्या माणसाच्या नावानं वावरते. शोक इथे वर्णनात सापडत नाही, तो तिच्या नावात मुरलेला आहे.

या विषयाला सर्वांत थेट भिडते ती किमिहितो इरिए यांची ‘कामिसामा नो इनाइ निचियोबी’, म्हणजे ‘देव नसलेला रविवार’. मालिकेची सुरुवात 2010 ची. देवानं जगाकडे पाठ फिरवली, तेव्हापासून मूल जन्माला येत नाही आणि माणूस धड मरतही नाही. प्राण गेला तरी तो चालत-बोलत राहतो, देह तेवढा कुजत जातो. थडगेवाल्यानं पुरल्यावरच त्याची सुटका. बारा वर्षांची आई (मुलीचं नावच ‘आई’) हे काम मृत आईकडून वारशानं घेते. तिनं गावकऱ्यांसाठी सत्तेचाळीस थडगी खणून ठेवलेली आहेत. एक परका बंदूकधारी येतो आणि सगळ्या गावावर गोळ्या झाडतो. गाव आधीपासूनच मेलेलं होतं, हे पोरीला तेव्हा कळतं. परका म्हणजे तिचा बाप, हेही कळतं, आणि शेवटी त्यालाही तिलाच पुरावं लागतं.

इरिए यांनी अवघड गोष्ट साधली आहे. माणूस गेल्यावरही घरच्यांसाठी तो बराच काळ गेलेला नसतो. त्याच्याशी बोलणं चालू राहतं, त्याचं ताट मनातल्या मनात वाढलं जातं. इथे ते अक्षरशः घडतं, आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचं ओझं एका मुलीच्या फावड्यावर येतं. ती प्रवासाला निघते ते दुःख विसरायला नव्हे. जग वाचवण्याचं मृत आईचं स्वप्न तिच्या अंगावर पडलेलं असतं. पुढच्या खंडांत पात्रांची गर्दी होते आणि ही धार बोथट होते. पहिला खंड मात्र एकटाही पुरेसा आहे.

तोने कोकेन यांची ‘सुपर कब’ (2017) याच्या अगदी उलट टोकाला. यामानाशीतल्या होकुतोची कोगुमा बाप गेलेली, आईनं टाकलेली. ना मित्र, ना छंद. दहा हजार येनला ती एक जुनी होंडा सुपर कब विकत घेते. तिच्यावर तीन माणसं मेल्याची वदंता असल्यानं गाडी स्वस्त. बाकी कादंबरीभर पेट्रोल संपणं, ऑइल बदलणं, थंडीत हात गारठणं. शाळेची सहल चुकते तर ती एकटीच गाडी काढून कामाकुराला पोहोचते. आईबापांची आठवण जवळपास नाहीच. माझ्या कसोटीवर हे पुस्तक खरं तर नापास व्हायला हवं. पण ज्या मुलीला आठवायलाच काही उरलेलं नाही, तिला रस्ता दाखवणार कोण? ती तो किलोमीटर-किलोमीटरनं स्वतः जोडत जाते.

माकोतो शिनकाई यांची ‘सुझुमे’ (2022) काटेकोरपणे या प्रकारात बसत नाही, पण वाचक तेच. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत नर्स असलेली आई गमावलेली मुलगी मियाझाकीहून एहिमे, कोबे, तोक्यो करत तोहोकूला, स्वतःच्या उद्ध्वस्त घरी पोहोचते. सोबत आईनं हातानं बनवलेली, एक पाय तुटलेली खुर्ची. वाटेत ओसाड जागांची दारं बंद करणं हे तिचं काम.

ही मुलगी वाटेत ज्या शिकोकू बेटावरून जाते, तिथे जुना, आखून दिलेला मार्ग आहे: अठ्ठ्याऐंशी मंदिरं, सुमारे बाराशे किलोमीटर, अंगावर पांढरे कपडे. गेलेल्यांसाठीही लोक तो चालतात. आपल्याकडे अस्थी घेऊन नाशिकच्या रामकुंडावर जाणाऱ्यालाही कुठे जायचं आणि तिथे काय करायचं ते ठाऊक असतं. या पुस्तकांतल्या मुलांना असं कुणी काही सांगितलेलं नाही. म्हणून ती विधी स्वतःच रचतात: तीन दिवसांचा नियम, फावडं, ऑइलचा डबा, बंद करायची दारं. प्रत्येक ठिकाणी हाताला काम आहे, आणि दुःखावर भाषण जवळपास कुठेच नाही.

मराठीत यातलं एक आणायचं झालं तर मी ‘देव नसलेला रविवार’चा पहिला खंड निवडेन. ‘सुझुमे’ चित्रपटामुळे आपल्याकडे पोहोचलेलीच आहे. आणि मेलेल्याला जाऊ देणं हे जिवंत माणसाला करावं लागणारं, घाम काढणारं काम आहे, हे कुमारवयीन वाचकाला इतक्या सरळपणे सांगणारी पुस्तकं मोठ्यांच्या कपाटातही फारशी नसतात.