डिझेल वाचवा, भाडे वाचवा : शेतमाल वाहतुकीत रेल्वे आणि पर्यायी इंधने

कशेळे परिसरात भातानंतर घेतलेली भेंडी, काकडी किंवा कारली वाशीच्या बाजारात गेली की पट्टीवर आपली नजर आधी भाडे व हमालीच्या रकान्याकडे जाते. या भाड्यात डिझेलचा वाटा मोठा असतो. हेच डिझेल जळून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेत मिसळतो व हवामान तापते. म्हणून वाहतुकीतील डिझेल कमी करणे खिशाच्या आणि पिकाच्या अशा दोन्ही हिताचे आहे.

हिशेब कसा करावा?

१ लिटर डिझेलचे वजन सुमारे ८४० ग्रॅम असून त्यात सुमारे ७२० ग्रॅम कर्ब असतो. जळताना त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन सुमारे २.६५ किलो कर्बवायू तयार होतो. समजा, टेम्पोला वाशीच्या एका फेरीत येऊन-जाऊन १२ लिटर डिझेल लागते. टेम्पोत १२ क्विंटल माल असेल तर क्विंटलमागे १ लिटर डिझेल जळते. ६ क्विंटलच माल असेल, तर डिझेल थोडेच वाचते आणि क्विंटलमागे खर्च व कर्बवायू जवळजवळ दुप्पट होतो.

लांब पल्ल्यासाठी रेल्वे

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना विरोध फार कमी होतो. त्यामुळे तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास ट्रकपेक्षा रेल्वेला कित्येक पट कमी ऊर्जा लागते. आपल्याच जिल्ह्यातील कोलाड येथून १९९९ मध्ये कोकण रेल्वेने गोव्यातील वेर्णापर्यंत 'रो-रो' सेवा सुरू केली. यात भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढवून नेतात, म्हणून माल मध्येच उतरवावा लागत नाही आणि ट्रकचे इंजिन बंद राहते. कोकण रेल्वेच्या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. मात्र आपल्याकडील बरीच वीज कोळशापासून होते, त्यामुळे कर्बवायू कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल सुटली. अनेक शेतकऱ्यांचा थोडा-थोडा माल एकाच गाडीत जाऊ शकतो, हे तिने दाखवून दिले.

परंतु वाशीसारख्या जवळच्या बाजारासाठी रेल्वे सोयीची ठरत नाही. टेम्पोने नेरळ किंवा कर्जत स्थानक गाठणे, तेथे माल चढवणे व पुढे पुन्हा उतरवणे यात हमाली वाढते आणि नाजूक भाजी खराब होते. परराज्यात एकगठ्ठा माल पाठवताना मात्र रेल्वेचा विचार जरूर करावा.

जवळच्या पल्ल्यासाठी इंधने

१) सीएनजी : तेवढ्याच ऊर्जेसाठी डिझेलपेक्षा कर्बवायू कमी निघतो, परंतु गळती टाळली पाहिजे, कारण यातील मिथेन वायू हवा अधिक तापवतो.

२) बायोगॅसपासून सीबीजी : शेण व काडीकचऱ्याच्या वायूतील कर्बवायू आणि हायड्रोजन सल्फाइड काढून तो दाबाखाली भरतात. पिकाने हवेतून घेतलेलाच कर्ब परत हवेत जात असल्याने नवी भर फारशी पडत नाही. केंद्र शासनाची 'सतत' योजना २०१८ पासून यासाठी आहे. घरच्या गोबरगॅसचा वायू मात्र शुद्धीकरणाशिवाय वाहनात वापरू नये.

३) इथेनॉल : हे पेट्रोलमध्ये मिसळतात. डिझेलच्या टेम्पोत ते घालू नये.

प्रकल्पासाठी पेंढा विकताना आधी गुरांची वैरण बाजूला काढावी. प्रकल्पातून निघणारी मळी शेतात परत मिळेल का, तेही विचारावे.

काय करावे?

* शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी तोडणीचा दिवस एकच ठरवावा.
* टेम्पो पूर्ण भरावा, परंतु क्षमतेपेक्षा जास्त भरू नये.
* परतीच्या फेरीत खते, बियाणे किंवा रिकामी क्रेट आणावीत.
* चाकांतील हवा व एअर फिल्टर नियमित तपासावेत.
* प्रत्येक फेरीचे डिझेल आणि क्विंटल वहीत लिहावेत.

नवे इंधन किंवा नवी गाडी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. टेम्पो भरून नेणे याच हंगामापासून शक्य आहे व त्यासाठी कोणताही जादा खर्च नाही.