मूळ फाईल व साधित फाईल

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत अनेक घरीं बोलल्या जाणाऱ्या गोंडी भाषेसाठीं बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ सालीं एक लिपि रचिली. युनिकोडमध्यें तिला स्थान मिळण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. आतां ‘नोटो’ मालिकेंत तिचा टंक, म्हणजे फाँट, कोणासहि विनामूल्य मिळतो. असा टंक कसा घडतो हें पाहिलें म्हणजे संगणकशास्त्रांतील एक उपयुक्त नियम सहज ध्यानांत येतो.

अक्षरांच्या रेषा माणूस आंखतो, तें मूळ. त्यांपासून कंपायलर नामक प्रोग्राम टंकाची फाईल तयार करतो; ती साधित. प्रत्येक बदलाची नोंद राखणारी ‘गिट’ ही जणूं कामाची वहीच; लिनस टोरवाल्ड्स यांनीं ती २००५ सालीं निर्माण केली. तींत मूळ ठेवावें, साधित ठेवूं नये. दोघांनीं निरनिराळीं अक्षरें सुधारिलीं, तर मुळांतील बदल ओळीओळीनें जुळवितां येतात. तयार टंकाच्या दोन प्रति तशा जुळवितां येत नाहींत. म्हणून साधित फाईलींचीं नांवें ‘.गिटइग्नोर’ या यादींत लिहितात.

पण एवढ्यानें भागत नाहीं. नवशिके येथेंच फसतात. मीहि फसलों आहें. कंपायलरची आवृत्ति कोणती, त्यास कोणते सहायक प्रोग्राम लागले, हें टिपून न ठेविल्यास दोन वर्षांनीं तेंच मूळ निराळें फळ देतें, किंवा कांहींच देत नाहीं. यास्तव आवृत्त्यांचे आंकडे असलेली फाईल वहींत अवश्य असावी. ती पुष्कळदां यंत्रच लिहितें, तरीहि ती ठेवावी. नियमास हा अपवाद आहे.

भामरागडच्या एखाद्या शिक्षकापाशीं मात्र कंपायलर नसणार. त्यास तयार टंकच दिला पाहिजे. तो वहीबाहेर, आवृत्तीचा आंकडा घालून, निराळा प्रसिद्ध करावा व मुळापासून पुन्हां घडवून ताडून पाहावा. ही ताडणी व्यर्थ नव्हे. ‘एक्सझेड’ नांवाच्या प्रोग्रामचें लोकांस दिलेलें गाठोडें आणि त्याचें गिटमधील मूळ यांत फरक होता: बांधणीच्या एका फाईलींत कपटाच्या ओळी होत्या, व त्या गाठोड्यांतच होत्या. अशा फाईली सहसा कोणी वाचीत नाहीं. मार्च २०२४ मध्यें आन्द्रेस फ्रॉइंड यांस दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढतां काढतां तें कपट उघडकीस आलें.