परत न आलेलं कनेक्शन

गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर हे गाडगीळ, वेलणकर अशा कितीतरी घराण्यांचं कुलदैवत. महाशिवरात्रीच्या जत्रेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत इथे खोली मिळणं अवघड. हल्ली खोल्या मोबाइलवरून ठरतात आणि नेमक्या गर्दीच्या दिवशी बुकिंगचं पान नुसतं फिरत राहतं. सगळे नेटवर्कला बोल लावतात. पण रेंज पूर्ण असूनही पान अडकतं तेव्हा आधी कनेक्शन पूलकडे बघावं. ही यंत्रणा फारशी कुणाला माहीत नसते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

डेटाबेसशी दर वेळी नव्याने जोडून घेणं महागात पडतं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर वेगळी प्रोसेस उभी करतो. डिफॉल्ट जागा १००, त्यांतल्या ३ सुपरयुजरसाठी राखीव. सगळं तुंबलं तरी दुरुस्ती करणाऱ्याला आत शिरता यावं म्हणून. मायएसक्यूएलमध्ये हाच आकडा १५१. म्हणून ॲप्लिकेशन मोजकी कनेक्शन्स उघडून ठेवतं आणि तीच आलटून पालटून वापरतं. जावाच्या जगातला प्रसिद्ध पूल म्हणजे हिकारीसीपी; त्याची डिफॉल्ट मर्यादा अवघी १०. हे भक्तनिवासातल्या किल्ल्यांच्या फळीसारखं आहे. पाहुणा किल्ली खिशात घालून एसटीत बसला, की खोली रिकामी असूनही दुसऱ्याला देता येत नाही.

कनेक्शन असं बाहेर राहतं ते बहुतेक वेळा चुकीच्या वाटेवर. बुकिंग नीट झालं तर कोड शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो आणि ‘क्लोज’ होतं. तारीख चुकीची आली, मध्येच एक्सेप्शन उडालं, की ती ओळ चालतच नाही. असं दहा वेळा झालं की पूल रिकामा. अकरावा माणूस ३० सेकंद थांबतो आणि त्याच्या हाती एरर येते. रिस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं जिवंत राहतो.

पूल १० चा ५० करणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट उपाय. गळती तशीच राहते, फक्त बोंब उशिरा होते.

खरा तपास दोन्ही बाजूंचा जबाब घेऊन होतो. पूलला विचारा: किती कनेक्शन्स वापरात? तो म्हणतो, दहाच्या दहा. मग पोस्टग्रेसचा ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ हा व्ह्यू उघडा. तिथे तीच दहा ‘ॲक्टिव्ह’ दिसली तर क्वेरी संथ आहेत, इंडेक्स बघा. तिथे ती ‘आयडल’ असतील, रात्री गर्दी ओसरल्यावरही पूलमधला आकडा उतरत नसेल, तर कनेक्शन घेणाऱ्याने ते परत केलेलं नाही. त्या ओळीत दिसणारी क्वेरी ही शेवटची चाललेली क्वेरी असते. तिलाच गुन्हेगार ठरवून तिच्यावर दिवस घालवणारे पुष्कळ भेटतात.

कोडमधली जागा शोधायला हिकारीत ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ आहे. तो मुळात बंद असतो. चालू केला की ठरल्या वेळेपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलेलं कनेक्शन कोणत्या ओळीने घेतलं, ते लॉगमध्ये येतं. कनेक्शन मात्र तो परत आणत नाही. आणि पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघत डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा ठेवला असेल, तर तीही नोंद गळतीसारखीच दिसते. तिथे कोडची रचनाच बदलावी लागते.

‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ ही अवस्था सगळ्यात घातक. नोंद बदलून व्यवहार उघडाच सोडला, तर लॉक अडकतात, शिवाय जुन्या, मेलेल्या नोंदी साफ होत नाहीत आणि टेबल फुगत जातं. या फुगण्याशी महाराष्ट्राचंही नातं आहे. पोस्टग्रेसच्या ८.३ आवृत्तीत, २००८ साली, ‘हॉट’ नावाची सुधारणा आली. पुण्याचे पवन देवलासी यांचं ते प्रमुख काम. वारंवार बदलणाऱ्या नोंदींचा कचरा त्यामुळे पानातल्या पानात आवरता येतो. पण जुना व्यवहार उघडा असेल, तर ‘हॉट’चेही हात बांधले जातात. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून असे व्यवहार ठरावीक वेळेनंतर तोडणारं सेटिंग मिळालं. तेही आपण लावावं लागतं.

वेळणेश्वरातच विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा कॉलेजांतून प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगेन: जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ आहे, एक्सेप्शन आलं तरी कनेक्शन आपोआप परत जातं, तेच वापरा. आणि चाचणीच्या वेळी पूलची मर्यादा २ ठेवून मुद्दाम चुकीच्या तारखा भरा. गळती असेल तर तिसऱ्या विनंतीलाच पान अडकेल.