मुंगळा, ट्रायकोग्रामा आणि परत केलेले पैसे

बिझनेसचा कुठलाही ट्रेनर (मीसुद्धा) पहिल्या दहा मिनिटांत मुंगीचं उदाहरण देतोच. शिस्त, टीमवर्क, साठवण. त्याच मुंगीने माझं एक गिऱ्हाईक जवळपास घालवलं होतं. व्हिडिओत हे घाईत झालं, म्हणून इथे लिहितोय.

न्हावऱ्यात आमचं कृषी सेवा केंद्र. घोडगंगा कारखान्याचा पट्टा, म्हणजे ऊस आलाच आणि उसामागे खोडकिडाही. त्यासाठी मी ट्रायकोकार्ड ठेवतो. एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी चिकटवलेली असतात. अंडी धान्यातल्या पतंगाची, पण आत वाढत असते ट्रायकोग्रामा, म्हणजे एक मिलिमीटरहून लहान गांधीलमाशी. ती बाहेर पडते, खोडकिड्याची अंडी हुडकते आणि त्यांत आपली अंडी घालते. मग तिथून अळी निघतच नाही, निघते पुढची ट्रायकोग्रामा. आठ-दहा दिवसांत पिढी पुरी.

एक काका कार्ड घेऊन गेले आणि चार दिवसांनी तावातावाने आले. "कोरा कागद दिलास का रे मला?" कार्डावर खरंच काही नव्हतं. पैसे परत केले आणि त्यांच्याबरोबर रानात गेलो. कार्ड लावलेलं बांधालगत, अगदी खालच्या पानाला. पानाचं टोक जमिनीला टेकलेलं. तिथूनच मुंगळ्यांची रांग चाललेली. अंडी केव्हाच वारुळात!

मुंगळ्याची कायमची वसाहत असते. राणी, कामकरी, वासाने आखलेला रस्ता. मिळेल ते उचलायचं. माव्याचा गोड चिकटा मिळतो म्हणून तो चक्क माव्याची राखण करतो, आपल्या मित्रकीटकांना हुसकावतो. ट्रायकोग्रामाला घर नाही, टोळी नाही. आयुष्य मोजक्या दिवसांचं, काम एकच. गंमत म्हणजे दोघं एकाच गोतावळ्यातले, मधमाशीसकट.

चूक माझीच होती. बीबीएला विक्रीनंतरच्या सेवेवर अख्खा धडा होता, आणि मी गिऱ्हाइकाला "उन्हात ठेवू नका" एवढंच सांगितलं होतं. आता पट्ट्या कापून देतो. पानाच्या खालच्या बाजूला, जमिनीपासून वर, मुंग्यांची वाट टाळून लावा म्हणतो. माशा निघायला लागल्या की लगेच लावायचं, म्हणजे मुंगळ्यांना सवड मिळत नाही. आणि आठवडाभर कीटकनाशक नाही. माझी तेवढी विक्री बुडते, बुडू दे.

काका पुढच्या आठवड्यात दोन कार्डं घेऊन गेले. रोख.