मिरची चरबी जाळते का? दिल जपते का?

शेगावच्या स्टेशनवर गाडी थांबली की कचोरी आणि सोबत तळलेली हिरवी मिरची आलीच. आपल्या वऱ्हाडातील मुस्लिम घरांतही सालनची लाल तर्री, ठेचा आणि इफ्तारच्या दस्तरखानावरची मिरचीची भजी यांशिवाय तोंडाला चव येत नाही. त्यामुळे ‘मिरचीने चरबी वितळते, दिल मजबूत होतो’ असा निरोप मोबाइलवर आला की आपल्याला बरे वाटते. त्यात खरे किती, ते पाहू या.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्यामुळे असतो. ते बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरेत जास्त असते. शरीरात उष्णता ओळखणाऱ्या ज्या मज्जातंतू असतात, त्यांनाच ते चेतवते. म्हणून भाजल्यासारखे वाटते आणि घाम फुटतो. हे गूढ 1997 मध्ये उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वजनाचा हिशेब

कॅप्सायसिनमुळे शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करते, काहींची भूकही किंचित कमी होते. पण हा जादा खर्च दिवसाला साधारण 50 कॅलरी, म्हणजे अर्ध्या चपातीएवढा. उलट, एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात. तर्रीवर तरंगणारे तेल मिरचीची सारी कमाई बुडवते.

दिलाचे काय?

चीनमध्ये जवळपास 5 लाख लोकांची पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून 6-7 दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, क्वचित खाणाऱ्यांपेक्षा 14 टक्के कमी आढळले. इटलीतील 2019 च्या पाहणीत आठवड्यात चारपेक्षा जास्त वेळा मिरची खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांश कमी होते. या बाबी आशादायक आहेत, पण आयुष्य मिरचीमुळेच वाढले, असे त्यांतून सिद्ध होत नाही. शिवाय आपली मिरची एकटी येत नाही. ठेचा, लोणचे, पापड यांतून मीठ येते, आणि दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिखटाच्या चवीवर मीठ कमी करता आले, तर तो खरा फायदा.

सावधगिरी

वजन घटवण्यासाठी मिरचीच्या अर्काच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मुलांना तिखट खाण्याच्या पैजा लावू देऊ नयेत. अमेरिकेत 2023 मध्ये अतितिखट चिप खाण्याच्या पैजेनंतर 14 वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्या हृदयात जन्मतः दोष होता. आपल्या मुलाच्या हृदयात काय आहे, ते आपल्याला तरी कुठे ठाऊक असते? आम्लपित्त असणाऱ्यांनी रोजा तिखट तळणाने सोडू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत जळजळ झाली की ‘काल तिखट झाले होते’ म्हणून घरातले मोठे गप्प बसतात. जळजळीसोबत घाम, धाप, छातीवर दाब, किंवा हात-जबड्यात कळ असेल, तर पाचकाच्या पुडीत वेळ घालवू नका. 108 वर फोन करून ताबडतोब दवाखाना गाठा. मधुमेहींत आणि स्त्रियांत ही लक्षणे अस्पष्ट असू शकतात. अम्मी ‘काही नाही, पित्त आहे’ म्हणाल्या, तरी त्यांना न्या.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. मिरची ही त्याची नेमत आहे, ती शौकाने खावी. फक्त तेल, मीठ आणि ताटातला इस्राफ आवरावा.