एका संगणकात अनेक संगणक

मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे आज संगणकावाचून पान हलत नाही. नोंदणी व बिलांची एक प्रणाली, प्रयोगशाळेच्या अहवालांची दुसरी, क्ष-किरण व सोनोग्राफीच्या प्रतिमा साठविणारी तिसरी. प्रत्येक विक्रेता आपल्या प्रणालीसाठी स्वतंत्र सर्व्हर मागतो. परिणामी, तीन-चार यंत्रे अहोरात्र वीज खात राहतात. त्यांची बरीचशी क्षमता मात्र वापराविना पडून असते. या अपव्ययावरील उपाय म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, अर्थात संगणकाचे आभासीकरण.

ही कल्पना जुन्या वाड्यावरून सहज समजते. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाची चूल व कुलूप वेगळे. पाया आणि छप्पर मात्र सामाईक. त्याचप्रमाणे एका सशक्त सर्व्हरवर ‘हायपरवायझर’ नावाची प्रणाली बसविली जाते. ती प्रोसेसर, मेमरी आणि साठवणुकीची जागा यांची वाटणी करते आणि प्रत्येक वाट्यावर एक आभासी संगणक उभा राहतो. एकावर विंडोज, तर शेजारच्यावर लिनक्स सुखेनैव नांदते. एकातील प्रणाली बंद पडली, तरी दुसऱ्याचे काम सहसा अडत नाही.

ही युक्ती नवी नव्हे. संगणक अतिशय महाग होते त्या काळात, १९६०च्या दशकात, आयबीएमने ती विकसित केली; १९७२ मध्ये तिची ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हे तंत्र साध्या संगणकांवर आणले. पुढे लिनक्समधील केव्हीएम (२००७) आणि मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही (२००८) हे पर्याय आले.

व्यावसायिकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ असा, की आभासी संगणक म्हणजे अखेर काही फाइलींचा संच असतो. यंत्र बिघडल्यास त्याची सुरक्षित प्रत दुसऱ्या यंत्रावर नेऊन काम पुन्हा सुरू करता येते. प्रणाली अद्ययावत करण्यापूर्वी ‘स्नॅपशॉट’ घेतल्यास, काही बिनसले तरी पूर्वस्थितीवर परतता येते.

परंतु वाड्याचे छप्परच कोसळले, तर सारी बिऱ्हाडे उघड्यावर पडतात. स्नॅपशॉट बहुधा त्याच साठवणुकीत राहतो. तो म्हणजे बॅकअप नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज अनेक दिवस कागदावर चालवावे लागले. संगणक-जाळ्याची योग्य विभागणी नसणे हे त्याचे कारण सरकारने संसदेत सांगितले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा धडा लक्षात ठेवावा.

खर्चाचाही विचार हवा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. म्हणून केवळ खरेदीची किंमत न पाहता पुढील पाच वर्षांचा खर्च मांडावा. एकाच संगणकावर चालणाऱ्या छोट्या दवाखान्यास या व्यवस्थेची सहसा गरज नाही.

विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मुख्य यंत्र बंद पडल्यास काम किती तासांत सुरू होईल? बॅकअप या यंत्रापासून व जाळ्यापासून वेगळा आहे काय? आणि त्या बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत मिळवून शेवटचे केव्हा पाहिले? तिसऱ्याचे उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत करारावर सही करू नये.