चळवळीचा पुरावा मोबाईलमध्ये आहे, पण सुरक्षित आहे का?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाबाहेर बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग वस्त्यांमध्ये धरपकड, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू. त्या दिवसांतील अनेक दृश्ये मोबाईलवर टिपली गेली, समाजमाध्यमांवर फिरली. न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे चालते. मोबाईल मात्र दोन-तीन वर्षांत बदलतो, फुटतो, किंवा 'स्टोरेज फुल' झाले म्हणून आपणच व्हिडिओ उडवतो.

हे नुकसान आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्लीतील २६, अलीपूर रोडच्या घरातील त्यांचे कागद १९६७ च्या जानेवारीत अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले, असे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे.  पुढे वसंत मून यांच्या संपादनाखाली लेखन आणि भाषणांचे खंड निघू लागले. पहिला खंड १९७९ चा.

आमचाही धडा आहे. आमच्या अभ्यासिकेचा संगणक एका पावसाळ्यात बंद पडला. विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि अत्याचाराच्या प्रकरणांतील जबाबांच्या नोंदी त्या एकाच हार्ड डिस्कवर होत्या. मुलांना पुन्हा सेतू केंद्रात रांगेत उभे राहावे लागले. जबाबांच्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच. दोष पावसाचा कमी, आमचा जास्त.

म्हणून साधा नियम लक्षात ठेवू : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दूर. गंगाखेड गोदाकाठी आहे, तेथील कार्यकर्त्यांनी आपली हार्ड डिस्क जिंतूरच्या साथीदाराकडे ठेवावी. पूर, आग, चोरी वा जप्ती दोन्हीकडे एकाच वेळी येण्याची शक्यता कमी.

'गुगलवर आहे की!' असे अनेक जण म्हणतात. पण मोफत जागा १५ जीबीच असते, आणि गुगल फोटोजमधून एका ठिकाणी पुसलेला फोटो दुसऱ्या ठिकाणचाही जातो. म्हणजे ते जुळवून ठेवणे झाले, राखीव प्रत नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या साठवण सेवेतील माहिती दुसरी प्रत नसल्यामुळे नष्ट झाली. सरकारचे असे होते, तर आपले काय?

व्हिडिओ पुरावा म्हणून ठेवायचा असेल तर आणखी काळजी हवी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की त्याचा दर्जा घटतो, मूळ नोंदी गळतात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, कापू नका, त्यावर मजकूर टाकू नका. ज्या फोनवर चित्रण झाले तो जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाईलची 'हॅश' नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसाच. फाईलमध्ये किंचित बदल झाला तरी तो बदलतो. सीसीटीव्हीचे जुने चित्रण नव्या चित्रणाखाली पुसले जाते, त्यामुळे त्याची मागणी लेखी आणि लगेच करावी.

पीडितांची नावे, पत्ते असलेली डिस्क पासवर्डने कुलूपबंद हवी. तो पासवर्ड किमान दोन विश्वासू व्यक्तींकडे असावा. एकच जण जाणत असेल आणि त्यालाच अटक झाली, तर सगळे अडकते.

शेवटी एका पानाची योजना कागदावर लिहा : काय कुठे आहे, कोण जबाबदार, संकटानंतर आधी काय परत आणायचे. आणि वर्षातून दोनदा, १४ एप्रिल व १४ ऑक्टोबरच्या आठवड्यात, राखीव प्रतीतून एखादी फाईल उघडून पाहा. जी प्रत उघडत नाही, ती प्रत नाहीच.

जयंतीच्या मंडपासाठी आपण वर्गणी काढतो. या वर्षी त्यातूनच प्रत्येक वस्तीसाठी एक हार्ड डिस्क घेऊ या. साक्षीदार म्हातारे होतात, गाव सोडतात. पुरावा टिकवणे आपल्या हातात आहे.

जय भीम!